सगुणाच्या जागी कुंडी

परमेश्वरदादाच्या फोटो स्टुडिओचा सर्व्हर आम्ही दोघांनी येलदरी धरणात बुडवला.

असं काही झालेलं नाही. सर्व्हर दुरुस्तीला गेलाय. कोणी विचारलं तर हेच सांगायचं ठरलंय.

बाकी सगळं खरं आहे. मागच्या वर्षीचा मे महिना. जिंतूर, बसस्टँडमागची गल्ली. आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगतो... ही भर दुपारी आली. लाईट असताना. मे महिन्यात दुपारी लाईट होती, खरं तर तिथंच मला संशय यायला पाहिजे होता.

दादा माझा चुलतभाऊ. लग्नाचे अल्बम करायचा. मी परभणीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याच्याकडचं मोठं मशीन मीच बसवलेलं. डबा एक, पण आत दोन वेगळे कॉम्प्युटर असल्यासारखं चालायचं. एकात दुकानाचा कारभार. दुसरा म्हणजे फाईल सर्व्हर, त्यात तालुक्यातल्या लग्नांचे सगळे फोटो.

दादाचा फोन आला. फोटोवाला सर्व्हर हलेना. फाईल उघडेना. पंखा बोंबलायलाय.

गेलो. बघितलं. प्रोसेसर शंभर टक्के.

अँटिव्हायरस थांबवला. शंभर टक्के.

फोटोंचे छोटे नमुने बनवायचं काम बंद केलं. शंभर टक्के.

शेवटी त्या सर्व्हरला प्रोसेसरचे दोन कोअर वाढवून दिले. म्हणजे ताटात दोन भाकरी जास्त.

त्याही गेल्या.

मग सर्व्हरला कोण जोडलेलं आहे ते बघितलं. एकच नाव होतं...

सगुणा.

हे कोण, म्हणून दादाला विचारलं. तो चहा पीत होता. त्यानं कप टेबलावर ठेवला. तिथं टेबल नव्हतं.

सगुणा म्हणजे त्याच गल्लीतल्या किशनरावची पहिली बायको. विहिरीत गेली. पाय घसरला, असं किशनराव म्हणायचा. गाव काहीच म्हणायचं नाही.

वर्षाच्या आत त्यानं रेणुकाशी लग्न केलं. आमच्याकडं रीत आहे, दुसरी बायको पहिलीचा टाक गळ्यात घालते. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर तिची मूर्त. मेलेलीचा मान राहतो आणि ती गप्प राहते. किशनरावची आई, कुसुमबाई, म्हणाली टाकही नको अन् आठवणही नको. घरातल्या सगळ्या फोटोंतून तिला पुसा.

दादानं पुसलं. मधे भोक दिसू नये म्हणून जिथं तिथं प्लास्टिकच्या फुलांची कुंडी चिकटवली. सगळीकडं तीच कुंडी. बारशात कुंडी. नणंदेच्या हळदीत कुंडी. तुळजापूरच्या देवळासमोर किशनराव आणि कुंडी, जोडीनं.

मी सगुणाचं कनेक्शन तोडलं.

परत जोडलं गेलं.

नेटवर्कची वायरच उपटली. पंखा क्षणभर थांबला... आणि नाव तिथंच.

"काय करायलाय ती, बघ की," दादा हळूच म्हणाला.

तिनं उघडलेली फाईल मीही उघडली. तुळजापूरचा फोटो. सगुणा उभी होती. हिरवं लुगडं, नजर थेट आमच्याकडं. शेजारी किशनराव नव्हता.

शेजारी कुंडी होती.

पुढचा फोटो, तेच. त्याच्या पुढचा, तेच. ती स्वतःला परत आणत होती आणि त्याला काढत होती. काम दादापेक्षा सफाईदार. मी तसं म्हणालोही. दादाला आवडलं नाही.

त्याच आठवड्यात रेणुका स्टुडिओत आली. किशनराव पाथरीला जायला एसटीत बसला तो उतरलाच नाही. कंडक्टरला असा माणूस आठवेना. सीटवर कुणाची तरी कुंडी राहिली होती, ती डेपोत जमा केली म्हणाला. कुसुमबाई दुसऱ्या दिवशी गेली. सध्या अंगणात तुळशीशेजारी आहे.

रेणुकाच्या गळ्यात नवा टाक होता. सोनाराकडून तिनंच करून घेतलेला.

"मी तिला ताई म्हणते. मला काही केलं न्हाई तिनं," ती दादाला म्हणाली. "पण भाऊ, पुसणारा हात तुमचा हाय. माफी मागा."

"मशीनची?" दादा हसला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या उद्घाटनाचा फोटो बघितला. आमदार टाळ्या वाजवत होते. रिबीन कापायला कुंडी उभी होती.

मग दादानं माफी मागितली. मशीनसमोर नारळ फोडला. साडीचोळी ठेवली. पार रडला.

शंभर टक्के.

तेव्हा आम्ही जे झालेलं नाही ते केलं. डबा बुडाला. बुडबुडे थांबेपर्यंत उभे राहिलो. स्टुडिओत आलो, दादानं सवयीनं काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर फोटोंचं फोल्डर उघडलं...

उघडलं.

धरणाच्या तळातून फोटो येत होते. पटापट. इतक्या वेगानं तो सर्व्हर कधीच चालला नव्हता.

शनिवारी शटर अर्धं वर सापडलं. चहा गरम. खुर्चीवर... तुम्हाला कळलं असेल.

वहिनीनं ती घरी नेली. रोज पाणी घालते. प्लास्टिकची आहे, मी एकदा सांगून बघितलं.

"असू द्या, भावजी," ती म्हणाली. "माणूस हाय ते."

मी फोटो पुसले नव्हते. मी फक्त कनेक्शन तोडलं होतं. पण काल खिशातून आधार कार्ड काढलं, तर त्यावरच्या फोटोत माझ्या डाव्या कानामागून एक हिरवं पान वर आलंय. आज सकाळी दोन होती.

म्हणून हा अर्ज. पत्ता माहीत नसल्यानं इथंच देतो.

प्रति, कै. सगुणाबाई यांच्या सेवेशी. विषय : चेहरा कायम ठेवणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयी सविनय सादर की, अर्जदाराने आपले कनेक्शन केवळ तांत्रिक कारणास्तव तोडले होते. अर्जदाराचा सदर विहिरीशी, सदर विवाहाशी व सदर कुंडीशी कोणताही संबंध नाही. तरी अर्जदाराचा चेहरा अर्जदाराकडेच राहू द्यावा. ते नियमात बसत नसल्यास, निदान खऱ्या फुलांची कुंडी मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.