दिवसपाळीची ऊब

ही घडलेली गोष्ट आहे. योगराज माझा सख्खा मावसभाऊ, आणि शेवभाजीचं ताट समोर असताना तो खोटं बोलत नाही.

सुरत, डिंडोली. गेल्या वर्षीचा माघ. वेळ मात्र भर दुपारची. रात्री योगराज कापडाच्या लूमवर असायचा, म्हणून भुतालाही त्याच्या पाळीप्रमाणेच यावं लागलं.

खोली खानदेशातल्या कामगारांची. तिच्यात योगराजची गादी एक, तिच्यावर झोपणारी माणसं दोन. सकाळी योगराज रातपाळीहून आला की दिवसपाळीवाला उठायचा आणि हा त्याच्याच उबेत शिरायचा. तो माणूस ओडिशाकडचा, भाडं वाटून घ्यायला ठेवलेला. नाव कुणी विचारलंच नाही. सगळे त्याला ‘दिवसपाळी’ म्हणायचे.

एका सकाळी दिवसपाळी उठलाच नाही. अंगात ताप.

स्वयंपाक करणारा हिलालभाऊ म्हणाला, पडू दे त्याला. पण योगराजची झोपायची पाळी होती. गावच्या लोटूला डेंग्यू झाला तेव्हा यानेच त्याला पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं, रात्रभर त्याचे पाय चेपले होते. पण लोटू गावचा. दिवसपाळीला मात्र त्याने बखोटीला धरून जिन्यात बसवलं आणि कडी लावली.

थोड्या वेळाने... टक. टक.

“पानी.”

त्या खोलीची एक रीत होती. दार वाजलं की आधी गाव विचारायचं. खानदेशातलं निघालं तरच कडी निघायची. योगराजने पडल्या पडल्या विचारलं, “कोनता गावना शे?”

बाहेरून कुठलंतरी लांबलचक नाव आलं.

“आपला नही शे,” योगराज म्हणाला.

सगळे हसले.

संध्याकाळी जिना रिकामा. खालच्या धुरपदाबाईंनी सांगितलं, तिथेच त्याचा जीव गेला. पोलिसांनी नाव विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही.

दुसऱ्या सकाळी योगराज गादीवर टेकला...

गादी उबदार होती.

रात्रभर तिच्यावर कुणीच नव्हतं.

योगराज म्हणाला, थंडी आहे, चालेल.

मग ऊब वाढत गेली. उशी घामाने ओली लागू लागली. आणि एक दिवस योगराजलाच ताप भरला. पाळी सुटल्यावर तो पर्वत पाटिया भागात डॉक्टरकडे गेला. दुपारी परतला, तर आतून कडी. फोडणीचा वास येत होता.

टक. टक.

“कोनता गावना शे?”

आतला आवाज... योगराजचाच होता.

त्याला आपल्या गावाचं नाव, ‘बोरविहीर’, म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते दिवसपाळीचं लांबलचक नाव.

“आपला नही शे.”

आत सगळे हसले. त्यातलं हिलालभाऊचं हसू त्याने ओळखलं.

धुरपदाबाईंनी पाणी पाजलं म्हणून तो वाचला. तेव्हापासून सुरतेतच, भेस्तानला माझ्याकडे असतो.

परवा मी हिलालभाऊला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, चेष्टा करतो का? योगराज समोरच झोपेल शे. अंग जरा गरम लागतं, एवढंच.

मी म्हटलं, मग त्याला आधी बाहेर काढा.

हिलालभाऊने आवाज खाली घेतला.

“कसा काढू? आपला शे ना.”

फोन ठेवून मी मागे वळलो. माझ्या गादीवर योगराज पडला होता...

त्याला गाव विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.