दोन उंच आवाज

हार्प्सिकॉर्डच्या, म्हणजे पियानोसारख्या या जुन्या वाद्याच्या तारा लावताना मला चर्चमध्ये चिटपाखरूही चालत नाही. त्या दिवशी सकाळी अर्ध्या तारा लागल्या होत्या आणि आतल्या खोलीत कुणीतरी बाई गात होती. आवाज उंच, स्वच्छ... पण माझ्या कामाचा पार विचका करणारा. शेवटी मी ओरडले, "अहो बाई, जरा दम धरा. इथं सूर लावतेय मी."

गाणं थांबलं. दार उघडलं आणि काळ्याभोर दाढीचा एक उंच माणूस वाकून बाहेर आला. हातात अर्धी खाल्लेली स्फोल्यातेल्ला, ती पदरापदराची गोड पेस्ट्री, आणि दाढीवर पिठीसाखर.

"बाई गप्प बसल्या," तो भरदार आवाजात म्हणाला. "मी बसलो इथं तर चालेल?"

मी कानापर्यंत लाल झाले.

त्याचं नाव नुंझिओ. मातेरा गावाहून आला होता. आमच्या नेपल्सच्या कार्यक्रमातला दुसरा काउंटरटेनर, म्हणजे बाईच्या उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक, तापानं आडवा झाला, म्हणून दोन दिवस आधी याला बोलावलं होतं. पहिले इप्पोलितो. वय पंचावन्न, तीस वर्षं या शहराचे लाडके. दोघांनी मिळून गायचं होतं ते तीनशे वर्षांपूर्वीचं, दोन प्रेमिकांच्या निरोपाचं युगुलगीत. साथीला मी.

तालमीत माझी निराशा झाली. खोलीत एकटा असताना पाखरासारखा सुटलेला तो आवाज इप्पोलितोंशेजारी आला की अंग चोरायचा. इप्पोलितो मान डोलवत पुढं जायचे, हा मागून हळूच पावलं टाकत यायचा.

तालीम संपल्यावर आम्ही कोपऱ्यावर उभ्यानं कॉफी घेतली. माझ्या कॉफीत त्यानं न विचारता दोन चमचे साखर घातली. मी ती ढवळून पिऊन टाकली... मी कॉफीत साखर घेत नाही.

"तुम्ही माफी मागितल्यासारखं गाता," मी सांगून टाकलं.

तो हसला नाही. कपाकडे बघत सांगू लागला — आवाज फुटायच्या वयात तो मुद्दाम उंच गायचा, तेव्हा शाळेतली पोरं मागून शिट्ट्या मारायची. वडील स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचे. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून हळू गायची सवय लागली, ती गेलीच नाही.

"उद्या त्यांच्याकडे बघू नका," मी म्हणाले. "माझ्याकडे बघा."

"ते तर सकाळपासून करतोय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्च खच्चून भरलं. मे महिन्याचा उकाडा, सगळे कार्यक्रमपत्रिकांनी वारा घेत होते. इप्पोलितोंनी पहिली ओळ उचलली आणि वारा घेणारे हात थांबले. मग नुंझिओ आला... गोड, नेमका, आणि पुन्हा तसाच मागं मागं.

गाण्यात एक जागा आहे. दोन्ही आवाज एकमेकांना खेटून, जवळजवळ टोचत, एकत्र वर चढतात. तिथं पोहोचलो आणि मी दोन्ही हात पट्ट्यांवरून उचलले. साथीचा आधार काढूनच घेतला. कुणालाही न विचारता.

नुंझिओनं दचकून माझ्याकडे बघितलं. मी बघतच राहिले, पापणीही न लववता.

आणि त्यानं आवाज सोडला.

भिंतीपर्यंत, घुमटापर्यंत, कुठंही न चोरता. इप्पोलितो चमकून वळले. मला वाटलं, आता संतापणार. पण त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या मुलाचा आनंद पसरला. त्यांनी एक तान फेकली, नुंझिओनं ती झेलून वर नेली, त्यांनी आणखी वर. टोचणारे सूर शेवटी एकमेकांत विरघळले तेव्हा कुठला आवाज कुणाचा, तेही कळेना. मी घाईघाईनं हात पुन्हा पट्ट्यांवर टेकवले.

लोक उभे राहिले. पुन्हा, पुन्हा, असा गजर सुरू झाला. इप्पोलितो माझ्याकडे वाकले. "फार आगाऊ आहेस तू, एर्सिलिया," ते म्हणाले, आणि मग हळूच, "इतकी वर्षं या गाण्यात मी एकटाच गात होतो गं." ते लोकांना अभिवादन करायला पुढं गेले.

नुंझिओ माझ्याजवळ आला. कपाळ घामानं ओलं. टाळ्यांच्या गदारोळात त्याला जवळजवळ माझ्या कानाशीच बोलावं लागलं.

"मला तू आवडतेस. उद्याच्या गाडीनं मी जात नाहीये."

तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. "हे इथं, आत्ता सांगायचं?"

"मनातलं मोठ्यानं बोलायला आजच शिकलोय. उद्यापर्यंत धीर टिकेल की नाही..."

"टिकव," मी म्हणाले. "उद्या, परवा, रोज. मी ऐकणार आहे."

इप्पोलितोंनी तेच गाणं पुन्हा सुरू करायची खूण केली. मी गाणं इतक्या वेगात सुरू केलं की त्यांनी माझ्यावर डोळे वटारले — आणि मग दोघांनाही हसत हसत माझ्यामागं धावत यावं लागलं.