हलगीची मागची बाजू

एक चांगला आवाज आणि दुसरा चांगला आवाज एकत्र केला, तर तिसरा भंगार आवाज कसा तयार होतो?

सातवीतली निशिगंधा सकट सकाळपासून या एकाच प्रश्नावर डोकं आपटत होती. समोर संगणक होता. शेजारी वाचनालयातून आठ दिवसांसाठी आणलेला गुडघ्याएवढा यंत्रमानव होता. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, म्हणून निशीनं त्याचं ठोंब्या केलं होतं. मागे खाटेवर तिचा आजा, भागुजी सकट, उजवा हात उशीवर टाकून बसला होता.

तो हात हीच खरी अडचण होती. आजाचं मनगट गेलं वर्षभर दुखत होतं, थरथरत होतं. उद्या त्यावर शस्त्रक्रिया होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "दुखणं थांबेल. पण हलगी वाजेल का, ते मी सांगू शकत नाही."

आणि आजाची ती वळणाची चाल, जी पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नव्हती, ती कुठेच साठवलेली नव्हती. ना कागदावर, ना यंत्रात. फक्त त्या मनगटात.

म्हणून आज सकाळी निशीनं घराचा स्टुडिओ केला. पंखा बंद केला. भिंतींवरून आवाज आपटून परत येऊ नये म्हणून चारी बाजूंना वाकळा टांगल्या. आजानं अंगणात मक्याची बुरकंडं, म्हणजे दाणे काढलेली कणसं, पेटवून हलगी शेकली. साल २०५८ होतं, बसला ड्रायव्हर नव्हता, घरं यंत्रातून ओतून निघत होती, पण हलगीचं कातडं ताणायला अजून जाळच लागत होता.

"माइक कुठं लावू?" निशीनं विचारलं होतं.

"हलगी दोन्ही बाजूंनी बोलती, पोरी," आजा म्हणाला. "म्होरं काठीचा कडकडाट. आन् मागं, माझ्या छातीकडं, दणका. ही बोटं बघ. मागनं कातडं दाबून मी आवाज आवळतो. ते म्होरच्याला ऐकूच येत न्हाय."

म्हणून निशीनं दोन माइक लावले. एक हलगीच्या पुढे, एक मागे, आजाच्या छातीजवळ. संगणकावरची आवाजाची पट्टी लाल रेषेला टेकू नये याची काळजी घेतली, कारण लाल रेषेपलीकडचा आवाज फाटतो, आणि फाटलेला नीट होत नाही. आजानं चाल वाजवली. पूर्ण अकरा मिनिटं. शेवटच्या टोल्याला काठी हातातून गळून पडली.

"झालं," तो म्हणाला. "आता हात उठायचा न्हाय."

पुढचा माइक एकटा ऐकला, तर झकास. मागचा एकटा ऐकला, तर त्याहून झकास. दोन्ही एकदम लावले, तर हलगी गायब! कुणीतरी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर चमचा बडवतंय, असला आवाज.

निशीनं तरीही तो तालकोशाला पाठवला. तालकोश म्हणजे राज्यातले सगळे ताल जपून ठेवणारं कोठार. तिथे एक यंत्रच परीक्षक होतं. मिनिटभरात त्याचं उत्तर आलं:

"नोंद नामंजूर. चर्मवाद्याचा खोल नाद आढळला नाही. पत्र्यावरील आघात आढळले. वर्ग: गोंगाट."

आजा खो खो हसला. "लई वर्सांनी ऐकला हा शबुद! आधी माणसं म्हणायची, आता यंत्र बी म्हणतंय. लगीन त्यांचं, देव त्यांचा, वाजवायला आम्ही. आन् वाजवून झालं की, गोंगाट बंद करा, लांब हुबं ऱ्हावा."

निशीला मात्र हसू आलं नाही. तिनं ठोंब्याच्या डोक्यावर टपली मारली. "तुझ्या भावकीतलं आहे ना ते यंत्र? मूर्ख कुठलं!"

"ते मूर्ख नाही," ठोंब्या म्हणाला. "त्याने जे ऐकले, ते बरोबर ऐकले. नाव मात्र चुकीचे दिले. आपण पाठवलेल्या ध्वनीत खोल नाद खरोखरच नाही."

"पण मागच्या माइकमध्ये आहे की! मी ऐकला!"

"हो."

"पुढच्यातसुद्धा थोडा आहे!"

"हो."

"मग मिळवल्यावर जातो कुठं? उंदरानं खाल्ला?"

"उंदीर ध्वनी खात नाहीत," ठोंब्या गंभीरपणे म्हणाला. "कारण मलाही कळलेले नाही. मी गोंधळलो आहे."

यंत्रमानव गोंधळतो म्हटल्यावर निशीला धडकीच भरली. तिनं मागचा आवाज वाढवून पाहिला. कमी करून पाहिला. माइकच्या तारा उपसून पुन्हा खोचल्या. डब्याचा डबाच.

"एकच धाड की गं," आजा म्हणाला.

"कुठला? पुढचा धाडला तर तुझी बोटं गेली. मागचा धाडला तर काठी गेली. अर्धा आजा धाडू का?"

ती रागानं उठली आणि दारातून आत येणाऱ्या आईच्या अंगावर जवळजवळ आदळली. दाराला पडदा होता. निशीनं तो पलीकडे ढकलला आणि तो आईच्या तोंडावर गेला.

"अगं, पडदा माझ्या अंगावर कशाला टाकतेस?" आई ओरडली.

"तुझ्या अंगावर? मी तर माझ्यापासून लांब..." निशी थांबली. पडदा हातातच धरून उभी राहिली. "आय, पुन्हा सांग. पडदा कुठं आला?"

"माझ्याकडं आला. डोकं फिरलंय का?"

"आणि माझ्यापासून लांब गेला. एकच पडदा. एकच धक्का." ती गर्रकन वळली. "आजा! हलगीवर काठी पडली की कातडं कुठं जातं?"

"कुठं म्हंजे? आत. माझ्याकडं."

"म्हणजे मागच्या माइककडं येतं, आणि पुढच्यापासून लांब जातं!"

ठोंब्याचे डोळे हिरवे झाले. "कृपया थांबा. मी आकडे काढतो."

इथे एक गोष्ट समजून घ्या. आवाज म्हणजे हवेला बसलेले धक्के. कातडं भरभर पुढे-मागे होतं, त्याला कंपन (थरथर) म्हणतात. कातडं जिकडे सरकतं, तिकडची हवा दाटते. ज्या बाजूनं ते निघून जातं, तिकडची हवा विरळ होते (म्हणजे सैल पडते). माइक हवेची ही दाटी आणि हा सैलपणा ओळखतो आणि संगणक ती आकड्यांत लिहून ठेवतो. एका सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार आकडे! हवा दाटली की अधिक, सैल पडली की उणे.

ठोंब्यानं संगणकाच्या पडद्यावर एकच टोला मोठा करून दाखवला. दोन रेघा होत्या. मागच्या माइकची रेघ डोंगरासारखी वर गेली होती, अधिक सहा. त्याच क्षणी पुढच्या माइकची रेघ दरीसारखी खाली, उणे पाच.

"कर बेरीज," निशी म्हणाली.

"अधिक एक."

"बघ! दोघंही खरं बोलतायत. एक म्हणतो पडदा आला, दुसरा म्हणतो गेला. आणि बेरीज करणारा म्हणतो, पडदा हललाच नाही!"

"पण मंग काठीचा कडकडाट कसा ऱ्हायला?" आजानं विचारलं. प्रश्न खडा होता.

उत्तर ठोंब्यानं दिलं. "दणक्याची थरथर संथ असते. तिचे डोंगर-दऱ्या लांब-रुंद असतात. माइक थोडे पुढे-मागे असले, तरी डोंगर बरोबर दरीत बसतो आणि खड्डा भरून सपाट होतो. कडकडाटाची थरथर अतिशय वेगवान असते. तिचे डोंगर सुईएवढे असतात. ते दरीत नेमके बसत नाहीत, म्हणून उरतात. बारीक उरले, जाड गेले. म्हणून डबा."

आजानं आपल्या मनगटाकडं पाहिलं. "म्हंजे माझं वाजवणं वाया न्हाय गेलं?"

"न्हाय रे! दोन्ही आवाज शाबूत आहेत. फक्त एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत. ठोंब्या, एक रेघ उलटी करता येईल? डोंगराची दरी, दरीचा डोंगर?"

"सहज. प्रत्येक अधिकाचे उणे आणि उण्याचे अधिक करायचे. संगणकात त्यासाठी बटण असते. नियमानुसार पुढचा माइक मुख्य मानतात. मी मागचा उलटा करतो."

"थांब." निशीनं त्याचा हात धरला. "पुढचा उलटा कर."

"कानाला काहीही फरक पडणार नाही. बेरीज उणे अकरा येईल किंवा अधिक अकरा."

"नाही ना पडणार? मग आजाची बाजू सुलटी राहू दे. जन्मभर त्यानंच का उलटं व्हायचं?"

वाचनालयानं ठोंब्याला याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. त्यानं पुढची रेघ उलटी केली.

आणि हलगी आली.

आईच्या हातातला तांब्या शहारला. टांगलेल्या वाकळा हलल्या. कडकडाट होता, दणका होता, आणि त्या दोन्हींच्या मधून, आजवर फक्त आजाच्या छातीनंच ऐकलेली ती बोटं होती, आवाज आवळणारी, सोडणारी, पुन्हा आवळणारी. आजा खाटेवरून उठला आणि संगणकाच्या जवळ आला.

"हे मी वाजवलंय?" त्यानं विचारलं. "म्होरनं असं वाटतंय व्हय? पन्नास वर्सं मागंच हुबा हुतो, पोरी."

तालकोशाचं उत्तर आलं: "नोंद मंजूर. चर्मवाद्य. या नादाचा नमुना पूर्वी उपलब्ध नव्हता. वाद्याचे व चालीचे नाव लिहावे."

"नमुना उपलब्ध नव्हता म्हणे!" निशी फणकारली. "ऐकवलीच नाही त्याला कुणी." तिनं लिहिलं: हलगी. वळणाची चाल. वादक: भागुजी सकट. मग एक ओळ आणखी लिहिली: या चालीसाठी माइक दोन्ही बाजूंनी लावावेत आणि एक रेघ उलटी करावी.

ठोंब्यानं विचारलं, "ही ओळ कुणासाठी?"

"माझ्यासारखं सकाळपासून डोकं आपटत कुणी बसलं असेल, त्याच्यासाठी."

मग तिनं कोपऱ्यातली हलगी उचलली, तिची मागची बाजू आपल्या छातीशी धरली आणि काठी मारली. फदक! असला आवाज आला.

"यालाच गोंगाट म्हणावे का?" ठोंब्यानं विचारलं.

"गप, ठोंब्या."

आजानं डाव्या, न थरथरणाऱ्या हातानं तिची बोटं धरली आणि कातड्याच्या मागे टेकवली. "हितं. आता हाण."