टिनावरची ओली पोती

मोताळ्यातलं आमचं घर एका माणसाने एका दमात बांधलेलं नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. ओळीने तीन खोल्या आहेत. पहिली आजोबांच्या काळातली, मातीची, वर मातीचंच सपाट धाबं. तिला लागून टिनाची. शेवटी बाबांनी नोकरीच्या अखेरच्या वर्षांत बांधलेली स्लॅबची. मातीची खोली उन्हाळ्यात गार नि हिवाळ्यात उबदार असते, पण पावसाळ्यात गळते आणि तिला वाळवी लागते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आपल्याला परत करतो. टिनाबद्दल तर बोलायलाच नको. मे महिन्यात भट्टी, आणि डिसेंबरात दव पडलं की आतून थेंब गळतात. यातली कुठली खोली निवडावी हे शेंबड्या पोरालाही कळेल. आमची माय लग्न होऊन आल्यापासून टिनात राहते.

कारण विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं. "मातीच्या खोलीत अंधार हाये. स्लॅबच्या खोलीत मले पाव्हण्यासारखं वाटते." खरं कारण असं की टिनाच्या खोलीच्या दाराशी तिचं शिलाई मशीन आहे, आणि आल्यागेल्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय तिला घास जात नाही.

मी धम्मशीला. बुलढाण्याला शाळेत विज्ञान शिकवते, तिथेच एका फ्लॅटमध्ये राहते, आणि रविवारी एसटीने राजूरचा घाट उतरून मायकडे येते. विज्ञानाचं वेड बाबांचं. पुंजाजी वायरमन म्हणून अर्धा तालुका त्यांना ओळखायचा. लहानपणी रात्री टिन टणटण वाजलं की मी आणि माझा धाकटा भाऊ नागसेन गोधडीत तोंड खुपसायचो. बाबा आम्हाला बाहेर काढून टिनाला हात लावायला लावायचे. "तापलं का फुगते, निवलं का आकसते, म्हून वाजते. भूत नसते बे, टिन असते." आमच्या भिंतीवर तथागतांचा फोटो आहे आणि त्याखालच्या खिळ्याला बाबांचा टेस्टर. भूतखेत, अंगात येणं, उतारा, यातल्या कशालाही त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही.

ऊन म्हटलं की मात्र त्यांचं डोकं ठिकाणावर राहायचं नाही. आम्ही लहान असताना माय पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्या वेचायला शेतात गेली होती, तिथे तिला ऊन लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत ती आम्हाला ओळखत नव्हती. वाचली, पण त्या दिवसापासून बाबांनी उन्हाशी वैर धरलं. नागसेनने पुण्याहून मोठा कूलर पाठवला, तरी त्यांचं समाधान होईना. नळाला पाणी कधीमधी येणारं आमचं गाव. त्या पाण्यातलं जपून ठेवलेलं ड्रमभर पाणी बाबा दुपारी पोत्यांवर ओतायचे, शिडीने वर चढायचे आणि मायच्या बाजेच्या बरोबर वर टिनावर ती ओली पोती पसरायचे. उतरताना उशाखाली कांदा ठेवला आहे ना, ते बघायचे. माय म्हणायची, "माणूस हाये का पहारेकरी." पण तसं म्हणताना ती हसायची, आणि ते हसू आम्ही दोघांनी आयुष्यभर बघितलं आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात असंच पोती टाकून बाबा खाली उतरले, माठातलं पाणी प्यायले, म्हणाले, "घडीभरात सुकतीन. मंग पुन्हा ओली करतो." मातीच्या खोलीत जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत.

जलदानाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे गेले, नागसेनही पुण्याला परतला. मी सुट्टीभर मायजवळ राहिले. ती फार रडली नाही. दुपारी बाजेवर पडून वर टिनाकडे बघत राहायची. खोली बऱ्यापैकी गार असायची. माझ्या हे लक्षात यायलाही काही दिवस गेले, कारण दुःखात असताना कोणी थर्मामीटर घेऊन बसत नाही. लक्षात आणून दिलं शेजारच्या गोकुळभाऊंनी.

"ताई, एवढ्या उन्हात तुमी वर नका चढत जाऊ," ते म्हणाले. "मले सांगत जा. मी टाकून देत जाईन पोती."

मी तर एकदाही वर चढले नव्हते. बाहेर येऊन बघितलं. पोती काळीभोर ओली होती आणि टिनाच्या पन्हाळीतून पाणी टपकत होतं. शिडीच्या पायऱ्याही ओल्या होत्या. ड्रम निम्म्यावर आला होता. मी मायला विचारलं. ती म्हणाली, "असन कोनी."

कोणीतरी शेजारी असेल, बाबांवर जीव असलेला, गाजावाजा न करणारा. मी तसंच धरून चालले आणि मनातून त्या माणसाचे आभारही मानले. मग पाऊस लागला. पावसात टिन ओलंच असतं, त्यामुळे विषय आपोआप मिटला.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि माय खोकू लागली. दर रविवारी येऊन बघावं तर खोकला वाढलेला. खोलीत पाय टाकला की फरशीतून गारठा वर चढायचा. मी शाळेतलं थर्मामीटर आणून लावलं. भर दुपारी अंगणापेक्षा खोलीतला पारा खाली होता. टिन उन्हात असताना हे व्हायला नको होतं. मी शिडी लावून वर बघितलं. वर पोती होती, ओली, मायच्या बाजेच्या बरोबर वर.

मी ती काढून स्लॅबच्या खोलीत ठेवली आणि कुलूप घातलं. पुढच्या रविवारी ती पुन्हा टिनावर होती. कुलूप जागच्या जागी होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. तेव्हा मला भीती नाही वाटली, राग आला. हा कोणाचा तरी चावटपणा आहे, असं म्हणत मी सगळी पोती अंगणात जाळली. माय दारात उभी राहून बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली आणि सकाळपासून अंगणात खुर्ची टाकून बसले. टिन कोरडं होतं, त्यावर एक होला येऊन बसला होता. माथ्यावर ऊन आलं. आत मायचा खोकला उठला म्हणून मी पाणी द्यायला गेले, तेवढीच काय ती उसंत. परत आले तर टिनावर बाबांचे खाकी सदरे पसरलेले. ट्रंकेत घडी करून ठेवलेले, नोकरीतले. बाह्या दोन्हीकडे नीट पसरलेल्या. सगळ्यांतून पाणी निथळत होतं.

मी आत जाऊन मायच्या पायाशी बसले.

"माय, तुले मालूम होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"पह्यल्या दिवसापासून. टिनावर पाऊल वाजते ना त्यायचं. मी काय ओयखत नाई?"

"अन् तू बोलली नाई?"

"काय बोलू?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "त्यायले वाटते, अजून उन्हाळाच हाये. ते गेले तवा उन्हाळाच होता ना."

माझ्या अंगावर काटा आला. आणि खोटं का सांगू, त्याच वेळी मला रडू आवरेना. त्यांचं ते घडीभरात सुकतीन, मंग पुन्हा ओली करतो, अजून चालूच होतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की छातीत कफ धरला आहे, आता गारठ्यातून तिला हलवा, या वयात फुप्फुसं सोसणार नाहीत. मी तिला बुलढाण्याला नेलं. तिथे तिने जेवण सोडलं आणि पिशवी भरून दाराशी बसून राहिली. शेवटी मीच तिला परत आणलं. नागसेनने घाईघाईने रूम हीटर पाठवला. मायने तो खोक्यातून बाहेरही काढू दिला नाही.

"मी सांगतो त्यायले," मी म्हणाले. "का हिवाळा लागला म्हून."

तिने माझं मनगट धरलं. "नको सांगू. सांगतलं अन् ते यायचे थांबले त? थंडीचं काय, सोसन मी."

सोसण्यासारखं तिच्यात काही उरलं नव्हतं. मी तिचा हात सोडवला, बाहेर आले आणि शिडी चढले. शाळेत मुलांकडे पुरावा मागणारी बाई टिनावर हात टेकून रिकाम्या हवेशी बोलायला निघाली होती. गोकुळभाऊंनी बघितलं असतं तर गावभर झालं असतं.

"बाबा," मी म्हणाले. "उन्हाळा गेला. हिवाळा लागला. मायले थंडी वाजून राह्यली. पोती राहू द्या आता."

टिन एकदाच टण्ण वाजलं. मी त्याचं कारण शोधत बसले नाही.

पुढच्या रविवारी टिन कोरडं होतं. खोलीत शिरले तर उबेने चष्म्यावर वाफ धरली. मातीच्या खोलीच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून असलेली लोखंडी शेगडी बाजेजवळ पेटलेली होती. मायच्या अंगावर गोधडी होती, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. झोपलेल्या माणसाला स्वतःला तशी खोचता येत नाही. बाबा आम्हाला तशी खोचायचे.

"ऐकलं त्यायनं तुहं," माय म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. माझ्यावरचा राग गेला होता, कारण ते यायचे थांबले नव्हते.

त्या हिवाळ्यात आमची टिनाची खोली गावात सगळ्यात उबदार होती. खोकला गेला, माय पुन्हा मशीनवर बसली. नागसेनला वाटलं, हीटरने काम केलं. मी त्याला तसं वाटू दिलं. एसटीत खिडकीशी बसून घाट चढताना मी रडायचे, पण ते रडणं वाईट नव्हतं. बाबांनी माझं ऐकलं होतं. आयुष्यभर मी त्यांचं ऐकलं, आणि त्यांनी माझं ऐकलं ते आत्ता.

मग परीक्षा आल्या, पेपर तपासणं आलं. बरेच रविवार चुकले. फोनवर माय बरी हाये म्हणायची, आवाजही खुशीत असायचा. एप्रिलच्या शेवटी गोकुळभाऊंचा फोन आला.

"ताई, येऊन जा एकडाव. मावशी एवढ्या उन्हात दार लावून शेगडी पेटवून बसतात. आमचं ऐकत नाईत."

मी मिळेल त्या गाडीने निघाले. घाट उतरताना खिडकीतून झळ येत होती. मोताळ्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आमचं दार आतून नुसतं लोटून घेतलेलं होतं. ढकलून उघडलं तर आतली हवा तोंडावर आली आणि मी एक पाऊल मागे सरले.

कूलर बंद होता. फटींत चिंध्या कोंबलेल्या. माय शेगडीपुढे पाटावर बसली होती, खांद्यावरून गोधडी घेतलेली, कडा नीट दुमडून मांडीखाली खोचलेल्या. मी तिच्या कपाळाला हात लावला. चटका बसला. आणि कपाळ कोरडं होतं. अशा भट्टीत बसलेल्या माणसाचा घाम थांबलेला असणं म्हणजे काय, ते मी पोरांना शिकवते.

"माय, ऊठ. चल मातीच्या खोलीत."

"बस ना. आत्ताच आली अन्..."

मी तिला उचलायला गेले. गोधडी कुठूनच सुटेना. मी बाहेर धावले, शिडी लावली, चढले. टिनावर हात टेकला तो पोळला.

"बाबा, उन्हाळा लागला," मी ओरडले. "मायले ऊन लागंन. ऐकता ना बाबा? उन्हाळा लागला."

टिन गप्प होतं. खालून मायचा आवाज आला, शांत, थोडा जड.

"वर काऊन बोलून राह्यली तू? ते खाली हायेत."

मी उतरले. दारात थांबले. शेगडीच्या पलीकडे दुसरा पाट मांडलेला होता. आधी तो माझ्या नजरेत आला नव्हता.

मी त्या पाटाकडे बघून पुन्हा सांगितलं. या वेळी हळू. बाबा, उन्हाळा आहे.

"नाई ऐकत ते तुहं," माय म्हणाली. तिचे ओठ सुकून पांढरे झाले होते. "मी सांगतलं हाये त्यायले."

"काय सांगतलं?"

"मले लई थंडी वाजते म्हून. तवाच ते खाली जवळ बसतात."

मी कोपऱ्यातला माठ उचलला आणि सगळा शेगडीवर उपडा केला. चर्रर्र झालं, राख उडाली, खोलीभर वाफ झाली. वाफ विरली तेव्हा कोळसे काळे पडले होते आणि शेगडीच्या तळातून पाणी गळत होतं.

मायने फक्त एक हात पुढे करून शेगडीवर धरला आणि वाट बघू लागली.

राखेमुळे मी तोंडावर हात दाबला होता. मायने दुसऱ्या हाताने तोंडावर पदर धरला होता.

पलीकडच्या पाटाच्या बाजूला, एका ओल्या कोळशाच्या कडेला लाल ठिपका दिसला. तो मंद झाला. पुन्हा लाल झाला, थोडा मोठा. बाबा शेगडी पेटवताना फुंकर घालायचे तसा, थांबून थांबून, घाई न करता.