उजव्या अंगठ्याची हजेरी

मोबाइल ठेवा खाली, पोट्टेहो. माह्या भाच्याची गोष्ट आहे, रविंद्रची. गुन्हा घडला का तिथले पुरावे गोळा करणं, हे त्याचं काम.

मागच्या मारबतीची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची रात्र. दिवसभर "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडत, तिचा पुतळा जाळून लोकं झोपले होते. रविंद्र हिंगण्याच्या एका कारखान्यात हजेरीची मशीन जप्त कराले गेला. मशीननं अंगठा ओळखला का ते "थँक्यू" म्हणते, नाई ओळखला का "प्लीज ट्राय अगेन".

आदल्या रात्री तिथं अश्विन नावाचा कामगार प्रेसमध्ये सापडून मेला होता. उजवा हात मनगटापासून चेंदामेंदा. अन् मॅनेजर गिरिधर काय म्हणे? "तो ड्यूटीवर नव्हताच, साहेब. तांबं चोरायला घुसला होता. हजेरीच्या मशीनमध्ये त्याचं नाव तरी आहे का, बघा!"

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे साले! फरशी फिनाइलनं धुतली. कॅमेऱ्यातलं सगळं उडवलं. मशीनमधून त भला माणूसच पुसून टाकला.

गेटवर अश्विनची बायको उभी होती, भावना. "भाऊ, पोरीले काय सांगू? तुहा बाप चोर होता म्हणून?"

रविंद्र आतून पेटला. पण पुरावा कुठून आणणार? मशीनची काच कोरी होती, पंचांसमोर तसंच लिहिलं. वायर काढली, बॅटरी काढली, मशीन पिशवीत घालून सील मारलं. सगळे बाहेर गेले. शिपाई गाडी आणाले गेला. रविंद्र खोलीत एकटा...

"प्लीज ट्राय अगेन."

पिशवीतून.

रविंद्रनं पाहिलं, बॅटरी त टेबलावरच होती.

"प्लीज ट्राय अगेन."

फिनाइलचा वास गेला. ग्रीसचा आला.

पुन्हा... पुन्हा...

"अश्विन?" मंग भीतीच्या वर राग चढला त्याचा. "मशीन नसंल ओळखत तुले, मी ओळखतो! तू चोर नाई गा. ड्यूटीवर होता तू!"

...

"थँक्यू."

लॅबमध्ये सील जसंच्या तसं होतं. पिशवी उघडली त काचेवर ग्रीसनं माखलेल्या अंगठ्याचा ठसा. ताजा. मधोमध तिरपी चीर.

कोर्ट मानते का असा पुरावा? गिरिधर अजून त्याच खुर्चीवर बसून राहिला. काय नेते मारबत, सांगा!

रविंद्रनं ठशाचा फोटो भावनाले दाखवला. ती रडली नाई. चिरेवर बोट ठेवून म्हणे, "विळीनं कापलं होतं इथं. ह्यांचाच अंगठा हा, भाऊ. पोरीले सांगीन मी, बाप कामावर होता."

मंग तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला.

"पण भाऊ... हा त उजवा आहे. तो हात त राहिलाच नव्हता."