तळहातावरची पहाट

समुद्राच्या अंगाला, धुक्यात पाय बुडवून जपानातला कुरोसे गड उभा होता, आणि त्याच्या बिनदिव्याच्या नगारखान्यात म्हातारा मोहेई स्वतःचा तळहात डोळ्यांपुढे धरून बसला होता. तीस वर्षांची त्याची रीत होती. हातावरच्या रेषा दिसल्या की पहाट झाली. मग नगारा, मग दरवाजे. मोहेईला विचारल्याशिवाय सूर्यसुद्धा वर येत नाही, असं गडावर म्हणत. ही आवई मूळ त्यानंच उठवलेली, ती गोष्ट वेगळी.

पण हॉलंडहून आलेल्या योरिस नावाच्या वलंदेज व्यापाऱ्याला बंदरात वखार घालायची होती. त्यानं सरदार हिरोत्सुनेंना ठोके देणारं पितळी घड्याळ नजर केलं. सरदार इतके भाळले, की जेवतानाही ते मांडीशी घेऊन बसत. हुकूम सुटला : घड्याळात सहा पडले की नगारा वाजवायचा. मोहेईच्या अंगाची लाही लाही झाली. त्यात बायको ओसेन म्हणाली, "निदान ते घोरत तरी नाही." त्या दिवशी तो जेवला नाही.

थंडी आली, पहाट लांबली. पितळेला त्याचं काय? काही दिवस मोहेईनं दातओठ खात अंधारातच नगारा वाजवला. मग एके दिवशी सहा ठोके पडले तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. मोहेई टिपऱ्या खाली ठेवून त्यांच्यावरच बसला.

सरदारांचा शिलेदार तलवार उपसून वर आला, मागोमाग मशाल घेऊन योरिस. नगारा वाजव, नाहीतर मान उतरवायचा हुकूम आहे, असं शिलेदारानं बजावलं.

मोहेईनं मानेवरून हात फिरवला. पण त्या पितळी डबड्यापुढे वाकायचं?

"उतरवा की," तो म्हणाला. "आधी मशाल बाहेर ठेवा आणि माझी आयुष्यरेषा दाखवा. दिसली तर वाजवतो."

शिलेदार खोटं बोलणारा नव्हता. तो हातावर वाकला, योरिसही वाकला. दोघांची नाकं तळव्याला टेकायची बाकी राहिली. रेषा काही दिसेना. तिघं तसेच थांबले, आणि रेषा उमटता उमटता खंदकापलीकडचं बोरूचं बेटही उजळलं. बोरूला भाल्यांची पाती फुटली होती.

या गडाचे दरवाजे हल्ली अंधारातच उघडतात, हे शेजारच्या सरदाराला कळलं होतं. त्याची दोनशे माणसं बंद दरवाजासमोर उघडी पडली आणि बाणांच्या माऱ्यात पळत सुटली.

भर दरबारात मोहेईच्या दूरदृष्टीची तारीफ झाली. दूरदृष्टी कसली, निव्वळ जळफळाट; पण त्यानं ती मान लववून घेतली. हुजूर म्हणाले, "आजपासून हे घड्याळ तुझ्या ताब्यात."

त्यानंतर मोहेई रोज आधी तळहात बघे, मग बोटानं काटा सहावर ढकले, आणि नगारा बडवी. योरिस मिशीवर ताव देत आल्यागेल्याला सांगे, "बघा आमचं घड्याळ. सूर्याच्या पुढे नाही, मागे नाही."

मोहेई ऐके, आणि मूठ मिटून घेई.