पुलाच्या पानावरचं भांडण

"ती फाईल मला हवी होती."

मी मान वर केली नाही. वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्तमानपत्रांची ती फाईल मला नुकतीच मिळाली होती, आणि मी संतापलेलो होतो.

"थांबावं लागेल."

"किती वेळ?"

"माझा राग जाईपर्यंत."

"मग खुर्चीच आणते," ती म्हणाली. आणि खरंच घेऊन आली.

रागाचं कारण असं. माझे आजोबा नदीच्या पुलावर फाटकवाले होते. पुरात पूल कोसळला, एक गाडी वाहून गेली, आजोबाही गेले. आता इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात, जिथे कुणीही काहीही लिहू शकतं, तिथे त्या पुलाच्या पानावर लिहिलं होतं की फाटकवाला दारूच्या नशेत होता, म्हणून फाटक उघडंच राहिलं. माझ्या पुतणीनं शाळेच्या प्रकल्पासाठी ते मोठ्यानं वाचलं. आत्यानं, म्हणजे आजोबांच्या लेकीनं, पुढचं ताट बाजूला सारलं.

मी ते वाक्य काढायचो. 'काटेकोर' नावाचं कुणीतरी ते परत घालायचं. का, तर म्हणे वर्तमानपत्रात छापून आलंय.

हे सगळं मी त्या अनोळखी मुलीला सांगून टाकलं. "मेलेल्या माणसाला खुशाल दारुडा म्हणायचं! तो काटेकोर भेटू दे एकदा..."

"भेटला तर?"

"कान उपटेन त्याचा."

तिनं केस कानामागे सारले. "कुठला? डावा की उजवा?"

"म्हणजे काटेकोर तुम्ही?"

"बातमी मी स्वतः वाचली नव्हती," ती म्हणाली. "ते मनाला लागलं, म्हणून आले. आता फाईल देता, की आधी कान?"

आम्ही दोघांनी मिळून ती बातमी छापलेली रविवारची पुरवणी शोधली. तिनं फोनवर त्या पानाचा इतिहास उघडला, कुणी कधी काय लिहिलं तो. तिचा चेहरा लाल झाला. वाक्य ज्ञानकोशात आधी आलं होतं. पुरवणी नंतरची! शब्दसुद्धा तेच.

"म्हणजे आमच्याकडे कुणीतरी ठोकून दिलं, या पेपरवाल्यांनी ते उचललं, आणि आम्ही यांचाच दाखला देतोय! लाज कशी वाटत नाही लोकांना... आणि मला?"

तिनं तिथल्या तिथे वाक्य काढलं. मी म्हणालो, "आता लिहा, ते शुद्धीत होते."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"कशावरून?"

"माझे आजोबा होते ते!"

"म्हणून तर तुमचं चालणार नाही."

असा तिळपापड झाला माझा! भांडताना तिचा चष्मा सारखा नाकावर घसरत होता. मी तो काढून घेतला, दांड्या जरा वाकवल्या, परत दिला. माझं चष्म्यांचं दुकान आहे, ढिला चष्मा मला बघवत नाही.

"रागातसुद्धा हात हलका आहे तुमचा," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "आत्यांना मीच सांगते. चला."

आत्यानं ऐकून घेतलं. "मग आता काय लिहिलंय बाबांबद्दल?"

"काहीच नाही, आत्या."

"काहीच नाही? मी गेले होते गं डबा घेऊन. बाबा फाटक ओढत होते, ते अडकलं होतं. मी पाहिलंय!"

मला वाटलं, आता ही उठून जाईल. आत्याचं बोलणं तिच्या त्या पानावर चालणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण ती आत्याशेजारी सरकून बसली. "फाटक कुठल्या बाजूनं ओढत होते?" तिनं विचारलं. मग डब्यात काय होतं, बाबा हसायचे कसे... दिवेलागणीपर्यंत ती विचारत होती, आणि आत्या सांगत होती. शेवटी आत्यानंच तिला विचारलं, "जेवायला थांबतेस ना, पोरी?" आणि स्वतःचंही ताट घेतलं.

निघताना मी दारापर्यंत गेलो. "पुन्हा याल?"

"कशाला? वाक्य तर निघालं."

"मला... तुम्ही आवडलात."

"भेटून एक दिवस झाला नाही! भलतंच काहीतरी सांगता."

"मग भांडायला या."

"त्याला येईन," ती म्हणाली. कान लाल झाले होते. दोन्ही.

ती आली. राहिली. आमच्या संसारात माझं एक वाक्य तिनं तपासल्याशिवाय सोडलं नाही. आता ती नाही. घरात मी वाटेल ते ठोकून देतो आणि समोरून कुणी हरकत घेत नाही. याचा मला फार राग येतो.